टांगलेलं इंजिन

घरातलं माणूस गेलं की मुलीचं लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. का, असं विचारायचं नाही. बाबांना जाऊन दोनच महिने झाले होते आणि थोरले काका मला बाबांच्याच गाडीतून स्थळ दाखवायला नेणार होते.

काकांच्या गॅरेजात गाडीच्या इंजिनाची आणि गिअरबॉक्सची माउंटिंगं, म्हणजे ज्यांवर ते बसतात ती रबरं, नुकतीच बदलली होती. तरी गाडी सुरू केली की घूं असा आवाज यायचा, सीट थरथरायची. काका स्वतः खाली शिरले, सगळे बोल्ट ढिले केले, इंजिन थोडं चालू दिलं आणि मग पुन्हा आवळले. आवाज गेला.

"रबर नवं असून आवाज का येत होता, काका?" मी विचारलं.

काकांना शिकवायला आवडतं. "इंजिन साखळीला टांगलेलं असतानाच माझ्या त्या गाढव मेकॅनिकनं बोल्ट आवळले. रबर पिळलेलंच राहिलं. आधी इंजिनाला आपल्या वजनानं बसू द्यायचं, मग आवळायचं. घाई केली की जन्माची थरथर. कॉलेजात हे नाही शिकवत, बाईसाहेब!"

"बस आता गाडीत," आमच्याबरोबर निघालेली आत्या म्हणाली. "मुलाकडचे लोक खोळंबलेत."

"आत्या, अजून फाटक वाजलं की मला बाबा आलेसे वाटतात. मी टांगलेलीच आहे. इंजिनाला बसायला वेळ देता ना काका, मग मला का आवळताय? मी येणार नाही."

आत्यानं काकांकडे पाहिलं. काका पाना पुसत राहिले. त्यांचाही भाऊच गेला होता. मग त्यांनी गाडीची किल्ली काढून खिशात टाकली.