वाकडी रिंग

फार वर्षांपूर्वी एका म्हाताऱ्या मोटारसायकलच्या चाकाला नवी रिंग बसवली. स्पोक मात्र जुनेच होते. चाक फिरवताच रिंग डुलायला लागली.

"वाकडीच आहेस! आधीची कशी सरळ होती," सगळ्यांत जुना स्पोक करवादला.

"ही परत पाठवावी लागणार," मेकॅनिक सरूताई म्हणाल्या.

रिंग रडकुंडीला आली. "आजोबा, तुम्हीच मला ओढताय आणि वर मलाच वाकडी म्हणताय! जरा सैल व्हा ना."

"मी? या वयात?"

पण सरूताईंनी शेवटचा प्रयत्न म्हणून पाना लावला, तेव्हा आजोबा कुरकुरत अर्धा आटा ढिले झाले. चाक सरळ फिरलं.

"बघ, कशी सरळ केली तुला!" आजोबा म्हणाले.

रिंगच्या तोंडाशी झणझणीत उत्तर आलं होतं. पण आजोबांची ढिली झालेली पकड तिला जाणवली, आणि ती हसत गिरकी घेत राहिली.