धावतं नाव

सांगलीत धनपाल उपाध्यांचं संगणकांचं दुकान होतं. दारावरच्या पाटीवर हातभर अक्षरांत त्यांचं नाव आणि खाली 'पडद्यांचे एकमेव पारखी'.

एकदा कबड्डीच्या पंच इंदुमती चौगुले तिथे मॉनिटर घ्यायला आल्या. लेकीला गेम खेळायचे होते, त्यांना स्वतःला सामने नि सिनेमे बघायचे होते. पळणारा माणूस पडद्यावर फरफटत गेल्यासारखा दिसू नये, एवढंच त्यांचं मागणं.

उपाध्यांनी सगळ्यात मोठा पडदा लावला. त्यावर एक कमळ संथपणे उमलत होतं.

"बघा ताई, कसं लोण्यासारखं! कोपऱ्यातला तो लहान पडदा पोराटोरांचा. पण हा फरक कळायला पारखी नजर लागते."

"मालक, शर्यतीचा बैल कुणी दावणीला बघून घेतं का?" इंदुमतीताई म्हणाल्या. "पळवून बघूया. दोन्हींवर तुमचं नाव लिहा नि झरझर सरकवा. ज्यावर वाचता येईल, तो माझा."

स्वतःचं नाव म्हटल्यावर उपाध्ये खुलले. त्यांनीच ते लिहिलं, त्यांनीच सरकवलं. लहान पडद्यावर नाव धावतानाही लख्ख राहिलं. मोठ्यावर मात्र त्याला शेपूट फुटलं नि अक्षरं एकमेकांत कालवली गेली. बाकीची गिऱ्हाइकं वाकून बघू लागली.

"थांबल्यावर नीट दिसतंय की!" उपाध्ये घाईघाईने म्हणाले.

"थांबलेलं नाव तर तुमच्या पाटीवरही छान दिसतं, मालक. आणि तिला वीजसुद्धा लागत नाही!"