ओसरीवरची नर्मदा

टेकडीच्या पायथ्याशी नांदवली नावाचं एक गाव होतं. त्या गावातल्या शाळेला दोन मजले होते. खाली वर्ग भरत आणि वर मोठं सभागृह होतं. गाणं असो, नाटक असो, पाहुणे असोत, आनंदाचं जे काही असे ते वरच होई.

आठवीच्या वर्गात मुकुंद नावाचा मुलगा होता. अभ्यासात हुशार, बोलण्यात चतुर. वर्गप्रमुखही तोच. त्याच वर्गात नर्मदा होती. लहानपणी आलेल्या तापात तिच्या पायांतली ताकद गेली होती. कुबड्या घेऊन ती सपाटीवर चाले, पण जिना तिला चढवत नसे. वर कार्यक्रम असला की ती खालच्या ओसरीवर बसे आणि मुलांच्या चपलांवर लक्ष ठेवी. हे काम तिला कुणी दिलं होतं, ते आता कुणालाच आठवत नव्हतं. ती तिथे असे, म्हणून सगळे तिच्याजवळ चपला काढून वर पळत.

एकदा शाळेत सुलक्षणाताई पाहुण्या म्हणून आल्या. त्या दोन्ही पायांनी अधू होत्या, चाकांच्या खुर्चीवर बसून फिरत. पण त्यांनी धरणाचं पाणी या काठापासून त्या काठापर्यंत पोहून पार केलं होतं. त्यांची खुर्ची वर कुणी न्यायची, यावरून मुलांमध्ये चढाओढ लागली. अखेर मुकुंदने आपल्याबरोबर तीन दणकट मुलं घेतली. चौघांनी खुर्ची इतकी अलगद वर नेली की पाध्ये गुरुजींनी त्यांची पाठ थोपटली.

बोलायला सुरुवात करण्याआधी ताईंनी विचारलं, "सगळे आलेत ना?"

मुकुंद पुढेच बसला होता. तो म्हणाला, "हो ताई, सगळे आलेत."

तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तसं वाटलं होतं.

ताई सांगू लागल्या, "आमच्या गावची मुलं विहिरीवर पोहायला जायची. मी काठावर बसून त्यांचे कपडे सांभाळायचे. पुष्कळ उन्हाळे असेच गेले. एक दिवस शेवंता नावाच्या मुलीने मला विचारलं, 'येतेस का?' तोवर मला कुणी विचारलंच नव्हतं. तिने माझ्या कमरेला दोर बांधला आणि मला पाण्यात उतरवलं. नाकातोंडात पाणी गेलं. घरी मार बसला. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले. पाण्यात माझे पाय कुणाला दिसत नव्हते, आणि मलाही त्यांची आठवण होत नव्हती."

कितीतरी मुलांचे डोळे भरून आले. आभार मानायला मुकुंद उभा राहिला, तेव्हा तोही डोळे पुसत होता. तो म्हणाला, "ताई, आजपासून आम्ही कुणालाही कमी लेखणार नाही." टाळ्यांचा कडकडाट झाला.

मग त्याच चौघांनी खुर्ची उचलली आणि ते जिना उतरू लागले. मागे सगळी शाळा होती. शेवटच्या पायरीशी आल्यावर ताईंना ओसरीवर बसलेली मुलगी दिसली. तिच्याभोवती चपलांचा ढीग होता आणि कुबड्या भिंतीला टेकवलेल्या होत्या.

"बाळ, तू वर आली नाहीस?" ताईंनी विचारलं.

"मला जिना चढता येत नाही."

"भाषण ऐकू आलं का?"

नर्मदा म्हणाली, "भाषण नाही. टाळ्या ऐकू आल्या."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. विचारलं म्हणून तिने सांगितलं होतं. पण मुकुंदने खुर्चीच्या दांड्यावरच्या आपल्या हातांकडे पाहिलं. पाहुणीला उचलून नेणारे हात त्याचेच होते. नर्मदा तर पहिलीपासून त्याच्या वर्गात होती.

ताई कुणालाच रागावल्या नाहीत. "मला इथेच ठेवा," एवढंच त्या म्हणाल्या. खुर्ची नर्मदेशेजारी नेऊन त्यांनी विहिरीची आणि शेवंताची सगळी गोष्ट पुन्हा सांगितली, एकट्या तिला. बाकीची मुलं जिन्यावर आणि अंगणात उभी होती. चपला घ्यायला पुढे जाण्याचं धाडस कुणालाच झालं नाही. पाध्ये गुरुजी खांबाआड उभे राहून उपरण्याने चष्मा पुसत होते. 'काठावर बसून कपडे सांभाळायचे' हे ताईंचं वाक्य पुन्हा आलं, तेव्हा मुकुंदने मान खाली घातली. वर असताना हेच वाक्य ऐकून तो रडला होता आणि तरी त्याला काहीच कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो नर्मदेकडे गेला. म्हणाला, "माझं चुकलं. यापुढे आम्ही तुलाही उचलून वर नेत जाऊ."

नर्मदेने हातातली कुबडी भिंतीला टेकवली. मग म्हणाली, "मला कुणी उचललेलं आवडत नाही. तुम्हाला खाली नाही का येता येणार?"

इतकी सोपी गोष्ट एवढ्या वर्षांत कुणालाच सुचली नव्हती. कारण तिला कुणी विचारलंच नव्हतं.

मुकुंदने गुरुजींना सांगितलं आणि त्या वर्षीचं स्नेहसंमेलन खालच्या अंगणात झालं. नाटकात नर्मदा न्यायाधीश झाली. गुरुजी मुकुंदचं सर्वांसमोर कौतुक करू लागले, तसा तो उठून म्हणाला, "नको गुरुजी. हे फार आधी व्हायला हवं होतं."

गुरुजी तसेच खाली बसले. आधी हे त्यांनाही सुचलं नव्हतं.

तात्पर्य: दुरून आलेल्याचं धैर्य पाहून डोळे भरून येणं सोपं असतं, पण जवळच्या माणसाला आपण कुठे बसवून ठेवलं आहे हे ज्याला दिसत नाही, त्याच्या त्या अश्रूंना काही मोल नाही.