हैबतीच्या रायफलीची दुसरी नळी

एकदा एका डोंगराळ संस्थानात नेमबाजी शिकवणारे एक वृद्ध वस्ताद राहत असत. त्यांच्या शिष्यांत हैबती नावाचा एक तरुण जंगलरक्षक होता. अंगाने दणकट, स्वभावाने सरळ, मेहनतीला न कंटाळणारा. वडिलांच्या माघारी त्यांची शिकारीची रायफल त्याच्याकडे आली होती. ती फार दांडगी होती. तिचा आवाज दरी ओलांडून पलीकडच्या वाडीपर्यंत जाई, आणि तिचा धक्का बसला की खांदा दुसऱ्या दिवशीही ठणके.

त्या वर्षी दरबाराने ठरवले की, दसऱ्याच्या नेमबाजीत जो पहिला येईल त्याला नव्या रक्षकांचा शिक्षक नेमायचे. हैबतीला ही जागा मनापासून हवी होती. घरात नुकतेच पहिले मूल आले होते. रानात मुक्काम करून तो परते, तेव्हा ती पोर त्याला ओळखतही नसे. त्याला पाहून भोकाड पसरी. शिक्षकाला रानात मुक्काम करावा लागत नसे.

अडचण एकच होती. त्याची गोळी हटकून निशाणाच्या खाली लागे. त्या मोठ्या काडतुसांची किंमत अशी की, मनसोक्त सराव त्याच्यासारख्याला परवडणाराच नव्हता. “नळीच वाकडी असणार,” असे तो सर्वांना सांगू लागला. हळूहळू त्याचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसला.

अशात शहरातून हत्यारांचा एक व्यापारी आला. त्याने मखमली पेटी उघडली. आत रायफलीचा नुसता वरचा भाग होता: नळी आणि काडतूस बसायचा खण. त्यावर चांदीच्या वेली कोरलेल्या.

“पाटील, खांद्याला लावायचा दस्ता आणि चाप तुमचाच ठेवा,” व्यापारी म्हणाला. “फक्त वरचा भाग बदला. ही नळी लहान गोळीची आहे. काडतुसं स्वस्त, धक्का नावाला. आणि नेम म्हणाल, तर ती आपोआप लावते!”

हैबतीचे डोळे त्या चांदीवर खिळले. दाराशी बांधलेली तांबडी घोडी विकायची, असे त्याने मनात ठरवूनही टाकले. मात्र वस्तादांना विचारल्याशिवाय पाऊल टाकायचे नाही, एवढे भान त्याला होते.

वस्तादांनी सारे शांतपणे ऐकून घेतले. “घेऊ की नवी नळी,” ते म्हणाले. “पण उद्या सकाळी जुनीनंच थोडे बार काढ. काडतुसं मी भरून देईन.”

हैबतीला नवल वाटले. एवढी वर्षे तो स्वतःच्या हाताने काडतूस भरत आला होता. 

सकाळी मैदानावर इतर शिष्यही जमले. व्यापारीही सौदा होईल या आशेने पेटी उघडून बसला. वस्तादांनी पाठ करून रायफल भरली आणि हैबतीच्या हाती दिली. बार झाला. गोळी नेहमीप्रमाणे खाली.

“पाहिलंत?” हैबती म्हणाला. “नळीच वाकडी!”

वस्तादांनी पुन्हा रायफल भरून दिली. हैबतीने नेम धरला, चाप ओढला. बार झालाच नाही. नुसते ‘टक्’ झाले. पण नळीचे टोक मात्र, नव्या सुनेने थोरांपुढे वाकावे तसे, झपकन खाली झुकले.

मैदानात हशा पिकला. हैबतीने खण उघडून पाहिला आणि तो लाल झाला. “वस्ताद, ही काय थट्टा? आत नुसती रिकामी पुंगळी आहे!”

“आहेच,” वस्ताद म्हणाले. “काडतूस रिकामं होतं. मग नळी कुणी खाली ओढली?”

हैबतीने रायफल खाली घेतली. मग त्याला स्वतःचे मिटलेले डोळे आठवले, आवळलेले दात आठवले. धक्का बसण्याआधीच त्याचे शरीर धक्क्याला सामोरे जात होते. त्याचा चेहरा हळूहळू निवळला आणि सगळ्यांत मोठ्याने तोच हसू लागला.

“म्हणजे वाकडा मीच!” तो म्हणाला. “शेठ, मिटा तुमची पेटी. मला नवी नळी नको.”

“आता तर हवीच,” वस्ताद म्हणाले.

हैबती गोंधळला. व्यापाऱ्याने मिटलेली पेटी पुन्हा उघडली.

वस्ताद म्हणाले, “अरे, दोष तुझा आहे हे कळलं म्हणून तो गेला असं थोडंच होतं? भीती तुझ्या बुद्धीत नाही, खांद्यात आहे. खांद्याला उपदेश ऐकू येत नाही. त्याला हजारदा अनुभव द्यावा लागतो, की बार झाला आणि काही दुखलं नाही. ते या दांडग्या नळीनं होणार नाही. तिचा प्रत्येक बार खांद्याला मार आणि खिशाला चटका. म्हणून हलकी नळी घे. काल तू ती आपला दोष झाकायला घेत होतास. आज तो घालवायला घेशील. वस्तू एकच, पण घेणारा बदलला. मात्र चांदीच्या वेलींनी खांद्याची भीती जात नाही. घोडी विकू नकोस. आपल्या गावात हत्यारं दुरुस्त करणाऱ्या दाऊद शिकलगाराकडे मोडीत निघालेली एक लहान नळी पडून आहे. ती तुझ्या दस्त्यावर बसवून घे.”

दाऊदने नळी घासूनपुसून, मोजून-मापून बसवली. दिसायला काळीकुट्ट, शोभा शून्य, पण भरवशाची. व्यापारीही खट्टू झाला नाही. लहान काडतुसे त्याच्याकडेच मिळत होती, आणि हैबती ती खोक्यांनी नेऊ लागला.

सारा पावसाळा त्याने आडोशाला सराव केला. अधूनमधून वस्ताद न सांगता रिकामी पुंगळी भरत. आधी नळी झुके, मग थरथरे, आणि भाद्रपद सरता सरता ती जागची हलेनाशी झाली. मग दाऊदने मूळ नळी पुन्हा चढवून दिली.

दसऱ्याला हैबतीने वडिलांची तीच रायफल खांद्याला लावली. एक गोळी काठाला गेली, बाकीच्या काळ्या ठिपक्यात बसल्या. थोडक्यात का होईना, तो पहिला आला. शिक्षकाची जागा त्याला मिळाली.

परतताना तो म्हणाला, “वस्ताद, एक विचारू? सगळे निशाणाकडे बघत होते. तुम्ही एकदाही तिकडं पाहिलं नाही.”

“मी तुझ्या पापण्या बघत होतो,” वस्ताद म्हणाले. “त्या उघड्या राहिल्या. गोळी कुठं गेली ते मला तेव्हाच कळलं.”

 उद्यापासून आपल्यासमोर उभ्या राहणाऱ्या पोरांमध्ये आधी काय पाहायचे, हे हैबतीला उमगले होते.

साधन बदलण्यात गैर काहीच नाही. आपल्यातले काय बदलण्यासाठी ते घेत आहोत, एवढे मात्र ठाऊक असावे.