दिवसा जळणारा दिवा

ही गोष्ट मी सांगायची नाही, असं ठरलंय. आत्या ती बाबांना सांगत होती, तेव्हा मी शेजारीच अभ्यास करत होते. “बाहेर बोलू नकोस हं,” असं ती मला म्हणाली. पण गोष्टीत कुणाचंच नाव नाही, म्हणून लिहिते.

फार पूर्वी एका गावात एक तांबट होता. त्याचं दिवाळं निघालं. त्या गावची रीत अशी, की दिवाळं निघालेल्या दुकानात भर दिवसा दिवा तेवत ठेवायचा. तो दिसला की कुणी उधार देत नसे. सात वर्षांनी पंच येऊन दिवा उचलून नेत.

दिवा गेला त्याच सकाळी तांबट तांब्याच्या व्यापाऱ्याकडे धावला. यात्रेपर्यंत दुकान सुरू झालं नाही, तर पंच ती जागा दुसऱ्याला देणार होते.

“शेठ, गाडीभर पत्रा द्या. आता दिवा नाही.”

“दिवा नाही, ते दिसलं. पण त्याच्या जागी दुसरं काय आहे?”

व्यापाऱ्याने गाडीतून पत्र्याचा एक लहान तुकडा काढला.

“एका पळीपुरता तुकडा न्या. पैसे पुढच्या बाजारी, मी परत निघायला बैल जुंपायच्या आत.”

“पळी? अहो, मी हंडे घडवणारा माणूस!”

“मग हंड्याएवढा विश्वास मी कुठून आणू?”

तांबटाने मुकाट्याने तुकडा उचलला. पळी झाली, खानावळवालीने घेतलीही. पण बाजाराच्या दिवशी ती म्हणाली, “पैसे उद्या.”

ऊन उतरत होतं. बायको म्हणाली, “अहो, एका दिवसाने काय बिघडतं?”

“दिवाळं निघायच्या आधीही मी हेच म्हणायचो,” तांबट म्हणाला. त्याने घरातली एकुलती एक घागर रिकामी केली, बाजारात विकली आणि पळत सुटला. एक बैल जुंपून झाला होता, दुसऱ्याच्या मानेवर जू चढत होतं.

“शेठ, थांबा!”

व्यापाऱ्याने पैसे घेतले. शाबासकी दिली नाही. गाडीतून थोडा मोठा तुकडा काढून दिला. “हा एका तांब्यापुरता.”

मग कळशीपुरता. मग घागरीपुरता. दर वेळी पैसे बैल जुंपायच्या आत पोचत.

यात्रेच्या आदल्या दिवशी पंच नव्या दुकानदाराला घेऊन आले. दाराशीच थबकले. आतून हंड्यावरचे ठोके ऐकू येत होते.

तात्पर्य: वाईट खूण पुसली की जागा फक्त मोकळी होते; विश्वास लहान लहान शब्द वेळेवर पाळूनच परत येतो. हे ऐकून बाबा म्हणाले, की उद्यापासून आपणही

“ऋजुता, दुकानाचं शटर उचलायला ये गं! इतके दिवस बंद राहून गंजलंय, मला एकट्याला जमत नाहीये.”

आले, बाबा.