ओढ्यापलीकडचं वाचन

विषय : मौजे चिंचखडा येथील ख्रिस्ती मंडळीने बायबलातल्या लेवीय या पुस्तकाचा तेरावा अध्याय चर्चमध्ये न वाचता ओढ्यापलीकडे जाऊन वाचण्याची रीत.
संदर्भ : म्हाताऱ्यांची तोंडं. लेखी पुरावा नाही. असता तर एव्हाना वाळवीने खाल्ला असता.

गोष्ट प्लेगाच्याही आधीची. चिंचखड्यात यमुनाबाई ओहोळ नावाची बायबलबाई होती, म्हणजे घरोघर शास्त्र वाचून दाखवणारी. तिला एक खोड होती. जुन्या करारातलं, म्हणजे बायबलच्या ख्रिस्ताआधीच्या भागातलं, काहीही वाचलं, की ओळीवर बोट ठेवून ती विचारायची, "इथं तो कुठाय?" तो म्हणजे ख्रिस्त. मग बायाबापड्या शोधायच्या. झुडपात अडकलेल्या एडक्यात तो सापडायचा, खडकातून फुटलेल्या पाण्यात सापडायचा, जळत्या भट्टीत टाकलेल्या तिघांत चौथा होऊन फिरताना सापडायचा. एकीला तो शिक्षा म्हणून मिठाचा खांब झालेल्या बाईतही सापडला होता. तिला पुन्हा शोधायला सांगितलं. तो सापडला की वारा नसताना दिव्याची ज्योत मान वाकवायची, असं म्हणतात.

एका सांजेला महारोग्याचा अध्याय, तोच तेरावा, आला. रोग्याने 'अशुद्ध, अशुद्ध' ओरडावं, छावणीबाहेर एकटं राहावं. यमुनाबाईने नेहमीप्रमाणे विचारलं. कोणाला काही सापडेना. ज्योत ताठ.

मंडळीचे वडील, म्हणजे पुढारी, शिमोनदादा यांना मात्र दुसरंच सापडलं. कौतिका नावाच्या विधवेच्या बोटांवर चट्टे होते. कायदा तर आताच वाचला गेला होता, आणि नव्या ख्रिस्ती माणसाला कायदा पाळायची फार घाई असते. ज्यांच्या सात पिढ्या गावाच्या वेशीबाहेर गेल्या, त्यांनी आठवड्याच्या आत स्वतःची वेस आखली. कौतिकाला ओढ्यापलीकडे झोपडी घालून दिली. छप्पर पक्कं आहे, असं दादा सगळ्यांना आवर्जून सांगत.

तिन्हीसांजेला पलीकडून हाक यायची, 'अशुद्ध, अशुद्ध.' तिला तसं बजावलंच होतं. मग हाक बदलली. ती रोज एकच विचारू लागली, "यमुनाबाई, सापडला का गं?"

वेस दादांनी आखली होती, पण वाचणारा आवाज यमुनाबाईचा होता. त्या पानात तो नसेल, तर ते पान म्हणजे कौतिकाला हाकलायची नुसती काठी. तिने ते इतकं वाचलं की बोटाखालची अक्षरं पुसट झाली. तो काही सापडला नाही.

शेवटी पुस्तक डोक्यावर धरून ती ओढ्यात उतरली. दादा काठावरून म्हणाले, "पलीकडं गेलीस तर परत यायचं नाही, यमुने."

"शोधायला चाललेय, दादा. सापडला की कळवते."

सगळं गाव काठावर उभं राहिलं. झोपडीत दिवा लागला. कुडाच्या भिंतीवर दोन सावल्या पडल्या. वाचन ऐकू येऊ लागलं. 'छावणीबाहेर' या शब्दाशी आवाज थांबला आणि तिने विचारलं, "इथं तो कुठाय?"

ओढ्याचा खळखळाट थांबला, असं म्हणतात. पाणी वाहत होतं, आवाज नव्हता. दिव्याची ज्योत वाकली. कुडावर सावल्या तीन झाल्या. तिसरीने कौतिकाची बोटं हातात धरली होती.

मग कौतिकाचा आवाज आला, अगदी रोजच्यासारखा. "हा काय, बाई. मला घालवलं त्याच्या आधीपासनं इथं बसलाय."

दादांनी काठावरून हाका मारल्या. परत या म्हणाले, दोघीही या. सकाळी माणसं पलीकडे गेली, तेव्हा झोपडी रिकामी होती. तीन जणांनी बसावं तशी तीन पोती अंथरलेली होती. तिन्ही उबदार होती. त्या सकाळपासून चिंचखड्याला आपणच बाहेर राहिलो असं वाटत आलं आहे, असं म्हणतात.

तेव्हापासून तिथे कोणालाही, कसल्याही रोगासाठी, बाहेर काढत नाहीत. दारुड्यांनाही नाही; ते याचा गैरफायदा घेतात. दरवर्षी ओढ्याला पाणी असताना मंडळी पलीकडे जातात, यमुनाबाईच्या नावाने तो अध्याय वाचतात आणि तिचा प्रश्न विचारतात. उत्तर कोणी देत नाही. आपल्यात एक माणूस जास्त आहे असं वाटेपर्यंत नुसते बसून राहतात.

म्हाताऱ्यांचे पाय घसरतात म्हणून साकवासाठी, म्हणजे छोट्या पुलासाठी, अर्ज केला आहे. पलीकडे वस्ती किती, असं कचेरीने विचारलं. मंडळीने 'एक' असं लिहिलं. नाव विचारलं, तेही कळवलं. आता रहिवासाचा पुरावा मागितला आहे. अर्ज प्रलंबित आहे.