जबड्याचा कोपरा

"अजून काय राहिलंय शिकायचं, बाबा?"

गंगागीर बाबा पडवीत चिंचा सोलत बसलेले. मठातले म्हातारे गोसावी, आल्यागेल्याला औषध देणारे. विचारणारा त्यांचा चेला विश्वंभर. नाडी पाठ, काढे पाठ, आणि नाक असं वर! त्याला आता निरोप हवा होता.

"बाबा, विचारतोय मी..."

बाबा चिंचा सोलत राहिले.

तेवढ्यात गावाच्या कडेला पाल ठोकून राहिलेली ठकू घिसाडीण धावत आली. कडेवर लेक, चंद्री. अंगात फणफणून ताप, एक गाल टरारून फुगलेला. ते साल गाठीच्या साथीचं, प्लेगचं. गावानं बजावलं होतं, पोरीला गाठ निघाली तर पाल जाळू, तुम्हाला शिवेबाहेर घालवू.

विश्वंभरनं समोर बसून गालाखाली बोटं रुतवली. पोर किंचाळली.

"गाठच. ही बघा, सापडली."

ठकू मटकन खाली बसली. "दादा, नीट बघा की हो! पाल जाळतील आमचं..."

"नीटच बघितलंय."

बाबा उठले. पोरीच्या समोर गेलेच नाहीत. पाठीमागं जाऊन उभे राहिले.

"इकडं ये. कान बघ."

दोन पितळी डूल. उजवा मानेला टेकलेला. डाव्या कानाची पाळीच उचलून बाहेर आलेली, डूल अधांतरी.

मग बाबा पुढं आले, चिंचेचं बुटूक तोंडात टाकलं आणि मचमच चोखायला लागले. चंद्री टक लावून बघतेय... आणि एकदम तिनं कानाखाली हात दाबला.

"आई गं!"

"अहो बाबा, आजारी पोरीला काय जळवताय!" ठकू रडता रडता ओरडली.

बाबा हसले. "विश्वंभर, जबड्याचा कोपरा चाचप. हळू. आधी बरी बाजू."

उजवीकडं हाडाचा कोपरा बोटाला लागला. डावीकडं नुसती मऊ सूज, कानाच्या पुढं-मागं पसरलेली. तो चाचपत राहिला...

"कोपरा... सापडत नाही, बाबा."

"साथीची गाठ कोपरा असा झाकत नाही, आणि आंबट बघून तोंडाला पाणी सुटलं की कानाखाली ठणकतं ते गालगुंडच. गालगुंड आहे गं, ठकू. आठ-दहा दिवसांत उतरेल. पातळ पेज दे, दुसऱ्या पोरांत सोडू नकोस. गावाला मी सांगतो."

ठकूनं डोळ्याला पदर लावला. जाता जाता चंद्रीनं वळून चिंचेकडं बघितलं, आणि पुन्हा गाल धरला.

विश्वंभर मान खाली घालून उभा.

"निघू मी, बाबा?"

बाबांनी एक बुटूक त्याच्यापुढं धरलं.

"'सापडत नाही' म्हणालास ना... बस. आजपासून शिकवतो."